मोहाची भट्टी आणि सरकारचा मक्ता

इंद्रवेल्लीच्या आसपासच्या गोंड आणि कोलाम वस्त्यांत मोहाची दारू केव्हापासून गाळली जाते, हे कुठल्या दप्तरात सापडणार नाही. ती विनापरवाना गाळणे गुन्हा केव्हापासून झाले, हे मात्र सापडते. निजामाच्या हैदराबाद राज्याचा अबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या १९०६-०७चा. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत या मुलखाने निजामी राजवट, हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि तेलंगण असे चार कारभार पाहिले. मक्ते आले आणि गेले, दारूबंदी आली आणि उठली. घरच्या चुलीवर मोह गाळणारा माणूस मात्र अबकारी शिपायाच्या नजरेत कायम संशयितच राहिला. नशेचे पदार्थ गुन्ह्याच्या यादीतून वगळावेत की नाही, हा वाद आज दिल्ली-मुंबईत गांजाच्या निमित्ताने रंगतो. आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात तो मोहाच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे, फक्त त्याला कुणी वाद म्हटले नाही.

इंद्रवेल्ली हे आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. याच मंडलात केस्लापूर आहे. तिथे पौष अमावास्येला मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. बाजारात गोंडी, कोलामी, तेलुगू आणि लंबाडीच्या जोडीने मराठी सर्रास चालते. गोंडांचे भाट असलेले प्रधान देवाच्या कथा गोंडीत गातात आणि घरी मराठी बोलतात. आंध समाजाची तर ती मातृभाषाच. त्यामुळे मोहाच्या फुलाला इथे तीन नावे आहेत: गोंडीत इरुप, तेलुगूत इप्पा आणि मराठीत मोह.

मोहाचे फूल मार्च-एप्रिलमध्ये गळते, तेही रात्रीतून आणि पहाटे. उजाडण्याआधी बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल नीट दिसावे म्हणून खालचा पाचोळा आधी झाडून काढतात, नाहीतर पेटवून देतात. जंगलखात्याचे आणि गावाचे पहिले भांडण इथेच सुरू होते. ताजे फूल मांसल, फिकट पिवळे आणि गोड असते. वाळवल्यावर ते मनुकेसारखे तपकिरी होऊन वर्षभर टिकते. ते भाजून खातात, भाकरीच्या पिठात घालतात, गुरांना चारतात. फळांतल्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल काढतात. पेरणीपूर्वीच्या टंचाईच्या महिन्यांत कित्येक घरांना याच फुलाने तारले आहे. दारू हा या फुलाच्या अनेक उपयोगांपैकी एक. कायद्याची नजर मात्र पहिल्यापासून तेवढ्या एकावरच खिळलेली.

गाळण्याची रीत साधी आहे. वाळलेली फुले पाण्यात भिजवून मडक्यात काही दिवस आंबवतात. उन्हाळ्यात ती लवकर तयार होतात, थंडीत वेळ घेतात. या आंबवणाला विदर्भात सडवा म्हणतात आणि पोलिसांच्या पंचनाम्यांतही तोच शब्द येतो. सडव्याचे भांडे चुलीवर चढते, त्यावर दुसरे भांडे, सांध्याला ओली माती आणि फडके, आणि सगळ्यात वर थंड पाण्याचे पातेले. वाफ वर जाते, गार पातेल्याच्या बुडाला लागून थेंब होते आणि आतल्या भांड्यात किंवा नळीवाटे बाहेरच्या बाटलीत उतरते. वरचे पाणी तापले की बदलायचे. ते किती वेळा बदलले यावर दारूची ताकद ठरते. सुरुवातीची धार सर्वांत कडक, पुढची सौम्य. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला शब्दप्रयोग याच भट्टीवरून आला. जाणती बाई थेंबभर दारू विस्तवावर टाकते आणि ज्योत कशी उठते ते पाहून माल ओळखते.

या दारूचे समाजातले स्थान सर्वांत बारकाईने नोंदवले ते मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी. १९४०मध्ये जोडेघाट इथे गोंड नेता कोमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. आदिवासींच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. ते पत्नीसह मार्लवाई गावी राहिले. केस्लापूरच्या जत्रेतला दरबार त्यांच्याच सूचनेवरून सुरू झाला आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८मध्ये आला. गोंडांच्या विधींत दारू आधी देवाची असते. पेर्सा पेन या कुळदेवाच्या पूजेत, लग्नात, मर्तिकात पहिली धार जमिनीवर सांडायची, मग माणसांनी घ्यायची. सोयरीक ठरली हे सांगणारीही तीच आणि गावातला तंटा मिटला हे सांगणारीही तीच. म्हणजे पिण्यावर बंधने होतीच. कोणी, कधी आणि कोणासमोर प्यायची हे कुळ आणि पंच ठरवत. याचा अर्थ कुणी झिंगून पडत नव्हते असा नाही. पण पिण्याचे वेळापत्रक सणाचे होते, दुकानाचे नव्हते.

दुकान आणले अबकारीने. ब्रिटिश मुलखात आणि संस्थानांत पद्धत साधारण एकच होती. एखाद्या टापूत दारू किंवा शिंदी विकण्याचा हक्क लिलावाने मक्त्यावर द्यायचा. त्याला हैदराबादी बोलीत गुत्ता आणि घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणत. दारूच्या दुकानाला मराठीत गुत्ता म्हणतात ते यावरूनच. सर्वांत वरची बोली लावणाऱ्याला ती रक्कम गिऱ्हाइकांकडून वसूल करायची असे. त्याच्या वाटेत उभी असे ती गावातली चूल. घरच्या मोहाला रोख लागत नाही आणि उधारीही लागत नाही. मक्त्याच्या दारूला दोहोंपैकी एक लागतेच. त्यामुळे घरची भट्टी ही सरकारच्या लेखी चोरी ठरली. चोरी महसुलाची. माणसाच्या प्रकृतीशी किंवा नीतीशी या गुन्ह्याचा सुरुवातीला फारसा संबंध नव्हता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादांत विसरली गेली. अबकारी हे निजामाच्या खजिन्याचे भक्कम उत्पन्न होते. तेलंगी जिल्ह्यांत ते मुख्यतः शिंदी-ताडीतून येई. मोहाचा वाटा आदिलाबादसारख्या जंगली भागांतला.

मुंबई इलाख्यात हेच आधी आणि जास्त कडकपणे झाले होते. १८७८च्या अबकारी कायद्याने गावठी गाळप बंद करून मध्यवर्ती भट्ट्यांची दारू पुढे केली. तरी घरची चूल विझेना, म्हणून १८९२मध्ये खास मोहाचा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फूल गोळा करण्यावर आणि साठवण्यावरच त्याने निर्बंध घातले. दारू थांबवण्यासाठी अन्नावर बंदी, असा तो प्रकार होता. त्याला वेगळेच उत्तर १९२२मध्ये मिळाले. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांतून देवीची एक चळवळ निघाली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरली. देवी अंगात येई आणि सांगे: दारू सोडा, पारशाच्या गुत्त्यावर जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. आदिवासींनी दारू सोडण्याचे ठरवले तेव्हा ती मक्तेदाराशी लढाई झाली, हे त्यातले मर्म.

आदिलाबादमध्ये असा उपदेश पुढे झाला. जैनूर मंडलातल्या पट्नापूरचे फुलाजीबाबा आंध समाजातले. त्यांच्या ध्यानमार्गात दारू आणि मांस सोडणे आले. त्यांचे अनुयायी तेलंगणात आणि सीमेपलीकडच्या मराठी मुलखातही आहेत. कायद्याने जे जमले नाही ते बाबांनी कित्येक घरांत केले. ज्यांना नवस-विधीसाठी धार लागतेच त्या घरांत मात्र ते जमले नाही. गावात पिणारे आणि न पिणारे असे दोन पंथ शेजारी-शेजारी राहतात.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेने या गोष्टीत एक विचित्र पेच आणला. आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा होता आणि मोहफुलांसाठी वेगळे नियम होते. पुढे ते नव्या मुलखालाही लागू झाले. आंध्र बाजूला हैदराबादी अबकारी चालू राहिली आणि १९६८च्या आंध्र प्रदेश अबकारी कायद्याने तिची जागा घेतली. एकाच कुळाची माणसे पैनगंगेच्या दोन्ही तीरांना, तेच फूल, तोच सडवा. कायदे मात्र दोन. पुढच्या काळात दारूचा ओघ कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे असा बदलत राहिला. १९९५ ते १९९७ आंध्रात बंदी होती तेव्हा बाटल्या महाराष्ट्रातून येत. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५पासून २०२१पर्यंत बंदी होती तेव्हा त्या तेलंगणातून जात.

२० एप्रिल १९८१, सोमवार, हा इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु-कुली संघमने बोलावलेल्या सभेला गोंड जमत होते. सभेची परवानगी नाकारली गेली होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. स्थानिक संघटना तो कितीतरी पटींनी मोठा असल्याचे सांगतात. मागण्या जमिनीच्या, सावकारीच्या आणि जंगलाच्या होत्या. या घटनेकडे दारूच्या चष्म्यातून पाहणे चूक ठरेल. पण ज्या बाहेरच्या माणसांविरुद्ध हा राग होता त्यांच्या रांगेत व्यापारी आणि सावकाराशेजारी दारूचा गुत्तेदारही उभा होता. १९८०च्या दशकात आंध्र सरकारने ‘वारुण वाहिनी’ या नावाने सारा, म्हणजे स्वस्त देशी दारू, प्लास्टिकच्या पुड्यांतून गावोगाव पोहोचवली. पुडी खिशात मावते. शेतावर, रस्त्यावर, शाळेच्या कुंपणाशी कुठेही फोडता येते. तिला ना विधी, ना पंच. १९९०-९१च्या सुमारास नक्षलवादी पीपल्स वॉर गटाने उत्तर तेलंगणात सारा विक्रीविरुद्ध मोहीम उघडली. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबागुंटा गावी साक्षरता वर्गांतल्या बायकांनी गुत्ता बंद पाडला आणि ते लोण राज्यभर गेले. १ ऑक्टोबर १९९३ला सारा बंद झाली. १६ जानेवारी १९९५ला एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदी आणली. चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने १९९७मध्ये ती उठवली. महसुलाचे खिंडार हे कारण उघडच होते. विदेशी म्हणवणारी दारू परत आली, साराची बंदी राहिली. म्हणजे स्वस्त सरकारी पुडी गेली, महाग बाटली राहिली आणि मधली जागा रिकामी झाली.

ती जागा गुडुंब्याने भरली. गुडुंबा म्हणजे हातभट्टी, पण मोहाची नव्हे. तिला लागतो काळा गूळ (तेलुगूत नल्ला बेल्लम), तुरटी, नवसागर आणि पाणी. मोह वर्षातून एकदा गळतो, तो वेचावा, वाळवावा, राखावा लागतो. गूळ बाराही महिने दुकानात मिळतो आणि झटपट आंबतो. धाड पडणार असेल तर मंद आंबवणापेक्षा घाईचे आंबवण बरे, हे गाळणाऱ्याला कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. बंदीने दारू थांबली नाही. तिने सौम्य आणि ओळखीची दारू मागे सारून जहाल आणि बिनओळखीची पुढे आणली. तेलंगणात ताडीचेही असेच झाले. झाडांपेक्षा गिऱ्हाइके जास्त झाली तेव्हा क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलम मिसळलेला कल्लू, म्हणजे ताडी, विकला जाऊ लागला.

तेलंगण राज्य झाल्यावर २०१५पासून गुडुंबामुक्तीची मोहीम चालली. काळ्या गुळाच्या गाड्या पकडल्या, सडवा ओतून दिला, गाळणाऱ्यांना तहसीलदारापुढे उभे करून चांगल्या वर्तणुकीचे बाँड लिहून घेतले आणि धंदा सोडणाऱ्या कुटुंबांसाठी मदतीची योजना काढली. गुडुंब्याने अनेक घरे उद्ध्वस्त केली होती हे खरेच. पण धाडीत मडके फुटते तेव्हा त्यात गूळ होता की मोह, हा फरक पंचनाम्यात क्वचितच महत्त्वाचा ठरतो. दुसरीकडे सरकारमान्य दुकानांच्या सोडतीत २०२१च्या धोरणाने अनुसूचित जमातींना ५ टक्के आरक्षण दिले. आदिवासीला बाटली विकण्याचा हक्क मिळाला. स्वतःच्या फुलाच्या धारेचा प्रश्न होता तिथेच राहिला.

गांजाची गोष्ट उलट्या दिशेने चालली. तो दीर्घकाळ कर भरून उघड विकला जाई. ब्रिटिश संसदेत ओरड झाल्यावर १८९३मध्ये भांग-गांजा आयोग नेमला गेला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि ७ खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने शरीर, मन किंवा नीती यांची लक्षणीय हानी होत नाही, पूर्ण बंदी अनावश्यक आहे, कर आणि परवान्याने आळा घालावा, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई. मुंबई गॅझेटियरचे संपादक जे. एम. कॅम्पबेल यांनी या आयोगासाठी भांगेच्या धार्मिक स्थानावर टिपण लिहिले. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने सदस्य देशांना बिगरवैद्यकीय वापर थांबवण्यासाठी २५ वर्षांची मुदत दिली. ती संपत आली तेव्हा, १४ नोव्हेंबर १९८५ला, भारताचा अंमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. त्याने एक मजेदार रेघ ओढली. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर. म्हणून होळीची भांग वाचली.

आदिलाबादच्या डोंगराळ मंडलांत पावसाळ्यानंतर कापसाच्या आणि तुरीच्या ओळींत लपवलेली गांजाची झाडे पोलिस आणि अबकारी खाते दरवर्षी उपटते. कापसाचा भाव पडला, बोंडअळी आली की या झाडाचा मोह वाढतो. कायद्यात जवळ बाळगलेल्या गांजाच्या पायऱ्या आहेत: १ किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि जास्तीत जास्त १ वर्ष कैद, २० किलोवर गेल्यास व्यापारी प्रमाण आणि किमान १० वर्षे. लागवडीला अशी पायरी नाही. झाडे पाच असोत की पाचशे, शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. शेत जागेवर असते, मालकाचे नाव पट्ट्यावर असते, म्हणून तो सापडतो. माल उचलणारा फिरता असतो. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये तेलंगण सरकारने गांजा पिकवणाऱ्यांची रयतु बंधू या शेतकरी योजनेची मदत बंद करण्याचे बजावले. एका पिकाच्या गुन्ह्याची शिक्षा अशी सगळ्या शेतीला लागली.

या कायद्यावर देशात जो वाद चालतो त्यात दोन्ही बाजूंना आधार आहे. गुन्हा मानू नये म्हणणारे पोर्तुगालकडे बोट दाखवतात. तिथे २००१पासून थोड्या प्रमाणात बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी समितीपुढे पाठवतात, विक्री मात्र गुन्हाच आहे. उरुग्वे, कॅनडा आणि जर्मनीने गांजापुरते आणखी पुढचे पाऊल टाकले. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले आणि भारताने बाजूने मत दिले. भारतीय कायद्यातही उपचार घेणाऱ्या व्यसनीला सूट देणारे कलम आहे, पण ते फार थोड्यांच्या उपयोगी पडते. विरोधकांचा मुद्दाही हलका नाही. २०१९ला प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी आढळले. ज्या पदार्थाला परवाना आहे त्याचा प्रसार पाचपट, हा आकडा ते पुढे करतात. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. ती राखण्यासाठी झटणारे डॉ. अभय आणि राणी बंग हेच सांगत आले आहेत की दुकान जवळ आले की पिणे वाढते. इंद्रवेल्लीचा इतिहास दोघांच्याही सोयीचा नाही. इथे दुकान आणले सरकारने, आणि गुन्हाही ठरवला सरकारनेच.

१९७०च्या दशकात केंद्राने आदिवासी भागांसाठी अबकारीची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. बाहेरची व्यापारी विक्री थांबवावी आणि घरच्या वापरापुरती पारंपरिक दारू करू द्यावी, असे त्यांचे सार. मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना अशी घरगुती सूट आहे. मध्य प्रदेशाने २०२१मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाजारात आणण्याचे ठरवले. महाराष्ट्राने त्याच वर्षी मोहफूल गोळा करण्यावरचे आणि त्याच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या पेसा कायद्यात तर हा गुंता एकाच कलमात आला आहे. चौथ्या कलमाच्या एका पोटकलमाने ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आणि लगतच्याच पोटकलमाने गौण वनोपजाची मालकी दिली. मोहाचे फूल दोन्हींत बसते. इंद्रवेल्ली पाचव्या अनुसूचीतले मंडल आहे, म्हणजे हा कायदा इथे लागू होतो.

वाळलेल्या मोहफुलाला २०२०मध्ये केंद्राने किलोला ३० रुपये किमान भाव जाहीर केला. उटनूरला आदिवासी बायकांचा सहकारी संघ मोहाचे लाडू करतो आणि २०२५मध्ये ‘मन की बात’मध्ये आदिलाबादच्या या बायकांचा उल्लेख झाला. मार्च-एप्रिलमध्ये फूल वेचणारी बाई तीच असते. तिच्या टोपलीतला काही माल लाडवांना जातो, काही व्यापाऱ्याला, आणि पेर्सा पेनच्या पूजेपुरता मूठ-दोन मूठ घरच्या मडक्यात.